बाटलीची टोपी, मदतीचे २५ पेन्स

ब्रिटनमध्ये ‘इनोसेंट’ या स्मूदी विकणाऱ्या कंपनीने २००३ मध्ये ‘बिग निट’ हा उपक्रम सुरू केला. लोकांनी विणून पाठवलेली चिमुकली टोपी बाटलीच्या झाकणावर चढायची आणि पुढे बरीच वर्षे अशी बाटली विकली गेली की २५ पेन्स वृद्धांसाठी काम करणाऱ्या ‘एज यूके’ संस्थेला मिळायचे. सुईवर मोजके टाके घ्यायचे, बोटभर विणायचे, टोक आवळून वर गोंडा लावायचा. क्रोशाची टोपीही चालायची.

एवढ्या खटाटोपापेक्षा थेट देणगी का देऊ नये, हा आक्षेप रास्त आहे. ऐपत असेल त्याने ती जरूर द्यावी. पण ज्याच्या हाती पैसा कमी आणि वेळ भरपूर, त्याला अशा उपक्रमात उरल्यासुरल्या लोकरीतून दाता होता येते. शिवाय विणणाऱ्यांत वृद्धही असतात आणि एकत्र विणायला बसल्याने एकटेपणाही हलका होतो. कंपनीची यात फुकट जाहिरात होते, हेही खरेच. म्हणूनच भाग घेण्यापूर्वी नगाला किती रक्कम, कोणाला आणि कोणत्या अटीवर मिळणार, हे तपासावे. उत्तर स्पष्ट असेल, तर कंपनीचा फायदा झाला म्हणून मदत खोटी ठरत नाही.