मत्स्यबीजाचा पूरक आहार : खर्च केव्हा सार्थकी लागतो?

मत्स्यसंवर्धनासाठी बँकेकडे येणाऱ्या प्रकल्प अहवालांत तळ्याचे खोदकाम, पंप, जाळी यांचा तपशील सविस्तर असतो. ‘खाद्य व पूरके’ ही बाब मात्र बहुधा एका ओळीत उरकलेली आढळते. वस्तुतः व्यवसायाचे यशापयश पहिल्या पंधरा-वीस दिवसांतच बरेचसे ठरते. रोहू, कटला, मृगळ यांचे मत्स्यजिरे संगोपन तळ्यात सोडल्यापासून सुमारे २५ मिलिमीटर लांबीचे मत्स्यबीज तयार होईपर्यंत त्यांतील निम्म्याहून अधिक दगावणे ही नित्याचीच गोष्ट होय.

या काळात शेंगदाणा पेंड व भाताचा कोंडा समभाग घेऊन, बारीक दळून देण्याची रीत आहे. एक लाख जिऱ्यांमागे पहिले पाच दिवस रोज सुमारे ६०० ग्रॅम व त्यानंतर दुप्पट, असे त्याचे प्रमाण. मात्र या मिश्रणात जीवनसत्त्वे व खनिजे पुरेशी नसतात. तळ्यातील सूक्ष्म प्राणिप्लवक ही उणीव काही अंशी भरून काढते. ते कमी पडल्यास पूरकांची गरज भासते.

उदाहरणार्थ ‘क’ जीवनसत्त्व. मनुष्याप्रमाणेच या माशांनाही ते स्वतःच्या शरीरात तयार करता येत नाही. ते कमी पडल्यास पाठीचा कणा वाकतो, जखमा लवकर भरत नाहीत, रोग बळावतात. परंतु ते पाण्यात विरघळते व उष्णतेने नष्ट होते. साधी भुकटी तळ्यावर शिंपडणे म्हणजे अक्षरशः पैसे पाण्यात घालणे! त्यासाठी फॉस्फेटयुक्त टिकाऊ स्वरूपातील जीवनसत्त्व खाद्यातच मिसळलेले असावे लागते.

रोगप्रतिकाराची बाब किंचित निराळी आहे. कोवळ्या पिलांची प्रतिपिंडे तयार करण्याची क्षमता अपुरी असल्याने त्यांची भिस्त जन्मजात प्रतिकारशक्तीवर असते. यीस्टच्या पेशीभित्तिकेतील बीटा-ग्लुकान तिला चालना देते. मात्र दीर्घकाळ सतत दिल्यास त्याचा प्रभाव ओसरू शकतो. म्हणून वाहतूक वा ऋतुबदल यांसारख्या ताणाच्या प्रसंगांपूर्वी ते मर्यादित दिवस देणे श्रेयस्कर.

गर्दी, प्राणवायूची कमतरता व जिरे फस्त करणारे पाणकिडे यांवर मात्र कोणतेही पूरक उतारा ठरत नाही.

किसान क्रेडिट कार्डाची सुविधा २०१८-१९ पासून मत्स्यव्यवसायासही लागू झाली असून खाद्याचा खर्च खेळत्या भांडवलात धरता येतो. ग्राहकांनी पूरकाच्या वेष्टनावरील घटक व मुदत पाहूनच खरेदी करावी आणि पावती जपून ठेवावी. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांसारख्या प्रतिजैविकांना मत्स्यसंवर्धनात बंदी आहे. वाढीच्या नावाखाली ती कोणी देऊ केल्यास स्पष्ट नकार द्यावा.