वाढत्या घराचा मान

‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ असे आपण मराठीत म्हणतो. आमच्या शेजारच्या अज्जी तेच ‘मने कट्टि नोडु, मदुवे माडि नोडु’ असे सांगतात. भाषेवरून आपल्या भागात कितीही वाद झाले, तरी घर बांधताना गळणारा घाम दोन्हीकडे सारखाच!

आमचे घर उद्यमबागेला लागून, मजगावच्या बाजूला. वडील उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मोल्डर होते. त्यांनी आधी जोते, सोपा आणि स्वयंपाकघर एवढेच उभे केले. पुढे एका दिवाळीच्या बोनसमधून न्हाणीघर झाले, दुसऱ्या बोनसमधून जिना. माडी मात्र ताईच्या लग्नानंतर चढली. मधली चार वर्षे आमचा जिना आकाशातच संपत होता. कॉलेजातल्या मित्रांना घरी आणायची मला लाज वाटे.

गेल्या दिवाळीत धाकट्या भावाने विषय काढला. ‘दादा, हे ठिगळांचं घर पाडूया. बिल्डर दोन फ्लॅट द्यायला तयार आहे.’ त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. पावसाळ्यात माडी गळते, आईला जिना चढवत नाही. तरी ‘ठिगळांचं’ हा शब्द मला टोचला आणि बाळकृष्ण दोशी आठवले.

नोबेलच्या तोडीचा मानला जाणारा वास्तुकलेतला पुरस्कार म्हणजे प्रित्झकर. अमेरिकेतील हयात फाउंडेशनतर्फे तो १९७९ पासून दिला जातो. एक लाख डॉलर आणि कांस्यपदक असे त्याचे स्वरूप. २०१८ साली तो प्रथमच एका भारतीयाला मिळाला, तो दोशींना. तेव्हा त्यांचे वय नव्वद होते. त्यांचा जन्म १९२७ चा, पुण्यातला. घरचा व्यवसाय लाकडी फर्निचरचा, कुटुंब एकत्र. शिक्षण मुंबईच्या जे. जे. मध्ये. पुढे पॅरिसला जाऊन त्यांनी ल कॉर्बुझिए या जगप्रसिद्ध वास्तुरचनाकाराच्या हाताखाली काम केले आणि परतल्यावर अहमदाबादला कर्मभूमी मानले. २०२३ च्या जानेवारीत ते तिथेच निवर्तले.

आपल्या कर्नाटकातही त्यांचे मोठे काम आहे. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटचा परिसर त्यांचाच. करड्या ग्रॅनाइटच्या भिंती, लांबच लांब ओसऱ्या, वरून झिरपणारे ऊन. मुलांनी वर्गाइतकेच ओसरीत बोलत शिकावे, हा त्यामागचा विचार.

पण मला आठवली ती इंदूरची अरण्य वसाहत. गरिबांसाठी घरे बांधायची म्हणजे एकसारखी खुराडी, हे आपण सगळीकडे पाहतो. दोशींनी अरण्यमध्ये लहान प्लॉट आखले. अगदी गरीब कुटुंबाला जोते, संडास-न्हाणी, पाणी-विजेची सोय आणि फार तर एक खोली करून दिली. पुढचे घर ज्याने-त्याने ऐपतीप्रमाणे वाढवायचे. ओटा, जिना, गॅलरी कशी घ्यावी याचे नमुने समोर बांधून दाखवले. आज तिथे साडेसहा हजारांहून अधिक घरांत सुमारे ऐंशी हजार माणसे राहतात. या वसाहतीला १९९५ साली आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला.

म्हणजे ज्या अर्धवट जिन्याची मला लाज वाटत होती, त्या रीतीलाच जगाने मान दिला होता! माझ्या वडिलांना हे कळले असते तर ते नुसते हसले असते. पगार तेवढाच होता, म्हणून घर तसे वाढले.

पण भावनेच्या भरात गळकी माडी तशीच ठेवणे हेही शहाणपणाचे नव्हे. वाढते घर म्हणजे बदलते घर. आम्ही एका तरुण आर्किटेक्ट मुलीला बोलावले. तिने आम्हा भावांना बाजूला ठेवून आधी आईला विचारले, ‘मावशी, तुम्हाला काय हवंय?’ इतक्या महिन्यांत हा प्रश्न आम्ही विचारलाच नव्हता.

आई म्हणाली, ‘न्हाणी माझ्या खोलीला लागून द्या. वरचं काय ते तुम्ही बघा. कट्टा मात्र पाडू नका. संध्याकाळी अज्जी कुठं बसतील?’

बिल्डरच्या नकाशात कट्टा नव्हता. भावाने तो नकाशा मुकाट्याने घडी करून ठेवला. येत्या उन्हाळ्यात माडीचे नवे छप्पर आणि आईची न्हाणी एवढे काम काढायचे ठरले आहे. बाकीचे पुढच्या बोनसला!