चेहऱ्याची 'हीट ट्रीटमेंट' केली आणि दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्ट? मग हे आधी वाचा

भोसरी एमआयडीसीत कुणाला 'हीट ट्रीटमेंट' म्हणा, त्याच्या डोळ्यांसमोर भट्टी येते. गिअर, शाफ्ट साधारण ९०० अंशांपर्यंत तापवायचे आणि तेलात बुडवून कडक करायचे. पण याच पिंपरी-चिंचवडमध्ये आता चेहऱ्यालाही उष्णता देऊन त्वचा घट्ट करून देणारी क्लिनिक आहेत. हायफू, आरएफ, स्किन टायटनिंग ही नावं तुमच्याही रील्समध्ये येऊन गेली असतील.

या जाहिरातींमध्ये तीन गोष्टी हमखास असतात. कापाकापी नाही, टाके नाहीत, सुट्टी घ्यायची गरज नाही. पहिल्या दोन खऱ्या आहेत. तिसरी खरी आहे की नाही, हे तुम्ही कुठे काम करता त्यावर ठरतं.

आपल्याकडे बऱ्याच कंपन्यांना गुरुवारची सुट्टी असते. म्हणजे गुरुवारी दुपारी ट्रीटमेंट आणि शुक्रवारी पहाटे चाकणला जायला कंपनीची बस. हातात क्लिनिकने दिलेला कागद असतो, त्यावर लिहिलेलं असतं, 'ऊन टाळा, उष्णता टाळा, घाम टाळा.' हिंजवडीत एसीत बसणाऱ्याला हे जमतं. फोर्जिंगच्या लाईनवर, पेंट शॉपच्या ओव्हनजवळ किंवा वेल्डिंग बूथमध्ये आठ तास उभं राहणाऱ्याने काय करायचं, हे त्या कागदावर नसतं.

आत नेमकं काय होतं?

हायफूमध्ये अल्ट्रासाउंडच्या लहरी त्वचेखाली एका बिंदूवर एकवटतात. भिंगातून ऊन एका जागी आणून कागद जाळायचो ना आपण शाळेत, तसंच. हे बिंदू साधारण १.५, ३ आणि ४.५ मिलिमीटर खोलीवर असतात आणि तिथलं तापमान क्षणभर ६० ते ७० अंशांवर जातं. वरची त्वचा मात्र भाजत नाही. आरएफमध्ये रेडिओ लहरींच्या ऊर्जेने त्वचेचा आतला थर तापतो. दोन्हींत कोलॅजन नावाचे तंतू आकसतात आणि पुढचे काही महिने शरीर तिथे नवं कोलॅजन तयार करत राहतं.

थोडक्यात, चेहरा आरशात ठीक दिसत असला तरी आत मुद्दाम केलेल्या बारीक जखमा असतात. 'काहीच तर झालं नाही' असं वाटून लोक दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे वागतात, आणि घोळ तिथेच होतो.

पहिले दोन दिवस

लालसरपणा काही तासांत किंवा एखाद्या दिवसात जातो. हलकी सूज दोन-तीन दिवस राहू शकते. हायफूनंतर जबड्याच्या हाडाजवळ हुळहुळणं एक-दोन आठवडे जाणवू शकतं. हे सगळं नेहमीचं आहे. दुखलं तर बहुतेक डॉक्टर पॅरासिटामॉल सांगतात. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या काही डॉक्टर टाळायला सांगतात, त्यामुळे स्वतःच्या मनाने घेऊ नका.

चेहरा साध्या पाण्याने आणि सौम्य फेसवॉशने धुवा, टॉवेलने घासू नका, टिपून घ्या. वास नसलेलं साधं मॉइश्चरायझर लावा. रेटिनॉल, ग्लायकोलिक, सॅलिसिलिक, व्हिटॅमिन सी हे सगळं किमान आठवडाभर कपाटात. पुरुषांनी एक-दोन दिवस दाढीला हात लावू नये. वॅक्सिंग, ब्लीच, पार्लरचं फेशियल दोन आठवडे नको. वाफ घेणं, गरम पाण्याने तोंड धुणं आणि जिमसुद्धा दोन दिवस बंद.

आणि भट्टीवाल्यांसाठी खास सूचना, इथे क्वेंचिंग चालत नाही. गरम झालेल्या चेहऱ्यावर थेट बर्फ चोळला तर थंडीनेही त्वचेला इजा होते. गार पाण्यात भिजवून पिळलेला स्वच्छ सुती कपडा पाच-दहा मिनिटं ठेवा, तेवढं पुरे.

शॉप फ्लोअरचं काय?

आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेची एक सवय आहे. तिला कुठेही दाह झाला की ती तिथे जास्त रंगद्रव्य तयार करते. पिंपल गेल्यावर काळा डाग राहतो, तो यामुळेच. ट्रीटमेंटनंतर आधीच थोडा दाह असतो, त्यावर ऊन किंवा धग बसली तर डाग पडण्याची शक्यता वाढते. आणि हा डाग उतरायला महिने लागू शकतात. ज्यांना आधीपासून वांग आहे त्यांनी तर दुप्पट सांभाळायला हवं, कारण वांग नुसत्या उष्णतेनेही वाढू शकतो.

फोर्जिंगमध्ये लोखंड ११०० अंशांच्या वर तापलेलं असतं. त्याची धग तोंडावर येते, तिथे सनस्क्रीन लावून काही होत नाही. सनस्क्रीन अतिनील किरणं अडवतं, उष्णता नाही. त्यामुळे भट्टी, ओव्हन किंवा कास्टिंगजवळ काम असेल तर माझं स्पष्ट मत आहे की किमान दोन-तीन दिवसांची रजा जोडून मिळत असेल तरच ट्रीटमेंट करा. सुपरवायझरशी बोलून दोन दिवस पॅकिंग किंवा इन्स्पेक्शनला काम मिळालं तरी चालेल. कंत्राटी कामगाराला हे सांगणं सोपं आहे, करणं नाही, हे मलाही कळतं. रजा म्हणजे त्या दिवसाचा पगार गेला. पण मग तो पगार ट्रीटमेंटच्या खर्चात आधीच धरा.

वेल्डिंगचं गणित वेगळं आहे. वेल्डिंगच्या आर्कमधून उन्हासारखीच अतिनील किरणं निघतात. म्हणजे नाईट शिफ्ट आहे, ऊनच नाही, हा हिशोब इथे चुकतो. पूर्ण चेहरा झाकणारी शील्ड हवीच, फक्त गॉगलवर भागवू नका. शेजारच्या बूथवर वेल्डिंग चालू असेल तरी हेच.

जाण्या-येण्याचाही विचार करा. चाकणच्या तळेगाव चौकात ट्रॅफिकमध्ये भर दुपारी अर्धा तास टू-व्हीलरवर अडकणं म्हणजे ऊन, धूळ, घाम सगळं एकदम. हेल्मेट काढायचं नाही, पण हायफूनंतर त्याचा दाब जबड्यावर दुखतो. शक्य असेल तर ते दोन दिवस कंपनीच्या बसने जा. आणि मुलींनो, स्कार्फ बांधला म्हणजे सनस्क्रीन लागत नाही असं नाही. पातळ कापडातून अतिनील किरणं आत येतात.

सनस्क्रीन किमान एसपीएफ ३० चं, ब्रॉड स्पेक्ट्रम, चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांवर मावेल एवढं. घाम येत असेल तर दर दोन तासांनी पुन्हा. आयर्न ऑक्साइड असलेलं टिंटेड सनस्क्रीन मिळालं तर आणखी चांगलं, कारण सावळ्या त्वचेवर दिसणाऱ्या प्रकाशानेही डाग गडद होतात.

मेडिकलमधून 'ती' ट्यूब आणू नका

चेहरा लाल झाला की आपण मेडिकलमध्ये जाऊन 'काहीतरी क्रीम द्या' म्हणतो. मिळते ती बऱ्याचदा स्टेरॉइडची. लाली एका दिवसात जाते, म्हणून आपण ती लावतच राहतो. पुढे त्वचा पातळ होते, पिंपल येतात, केस वाढतात, आणि ट्यूब बंद केली की चेहरा आधीपेक्षा जास्त पेटतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा अनेक स्टेरॉइड क्रीम शेड्यूल एचमध्ये टाकल्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायलाच बंदी. डॉक्टरांनी चार दिवसांसाठी लिहून दिली तर गोष्ट वेगळी, पण ती चार दिवसच. हळद, लिंबू, बेसन, टूथपेस्ट हेसुद्धा या आठवड्यात नको.

हे दिसलं तर थांबू नका

फोड आला, पांढरट किंवा राखाडी चट्टा दिसला, रेषेसारखे उठाव आले, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं, पू किंवा ताप आला, तर त्याच दिवशी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. भाजल्यासारखं वाटत असेल तर नळाच्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा आणि मग निघा. फोड फोडू नका.

हायफूनंतर क्वचित एखाद्या नसेला धक्का बसतो. गाल बधिर होतो किंवा हसताना ओठाची एक बाजू खाली येत नाही. बहुतेकदा हे काही आठवड्यांत आपोआप बरं होतं, पण डॉक्टरांना कळवायलाच हवं. मात्र तोंड वाकडं होण्यासोबत हातात ताकद नसेल किंवा बोलताना जीभ अडखळत असेल, तर 'ट्रीटमेंटमुळे असेल' म्हणून घरी बसू नका. तो पक्षाघात असू शकतो. थेट इमर्जन्सीला जा.

लग्न कधी आहे?

या ट्रीटमेंट करणाऱ्यांमध्ये लग्न ठरलेले बरेच असतात म्हणून हे सांगते. परिणाम लगेच दिसत नाही. नवं कोलॅजन तयार व्हायला दोन-तीन महिने लागतात. हळदीच्या आठवडाभर आधी करून घेतलंत तर लग्नात दिसेल ती फार तर सूज, आणि त्यावर हळद चोळली जाणार ते वेगळंच. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त असेल तर श्रावणाच्या आसपास करून घ्या. चाकणच्या मे महिन्यातल्या उन्हापेक्षा ते दिवस तसेही बरे.

जायच्या आधी क्लिनिकला एवढं विचारा. मशीन कोणतं, ते चालवणार कोण, आणि रात्री दहाला फोड आला तर फोन कोण उचलणार. पावतीवर ट्रीटमेंटचं आणि मशीनचं नाव लिहून घ्या. 'आरएफ' म्हणून मायक्रोनीडलिंग आरएफ केलं जात असेल तर त्यात सुया असतात आणि त्याची काळजी वेगळी असते. डॉक्टरांचं नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर शोधता येतं, दोन मिनिटांचं काम आहे. आणि क्लिनिकने फोन उचललाच नाही, तर पिंपरीतल्या डॉ. डी. वाय. पाटील मेडिकल कॉलेजमध्ये आणि पुण्यात ससूनला त्वचारोग विभाग आहे. जाताना ती पावती आणि पहिल्या दिवसापासून मोबाइलवर काढलेले चेहऱ्याचे फोटो सोबत न्या.