अँडीजच्या वाटेवर (भाग ७) : पोतोसीचं पाणी

बोलिव्हियात आलेले बहुतेक प्रवासी थेट उयुनी गाठतात. दहा हजार चौरस किलोमीटरांहून मोठं ते मिठाचं मैदान पाहण्याजोगं आहेच. पुढच्या आठवड्यात आपणही तिथेच जाणार आहोत. पण उयुनीपासून बसने चारेक तासांवर पोतोसी आहे, आणि ते गाळून पुढे जाणं हा निव्वळ करंटेपणा.

शहर ४,००० मीटरांहून उंचावर. तेव्हा पहिल्या दिवशी हळू चालावं, हलकं जेवावं आणि कोकाच्या पानांचा चहा घ्यावा. समोर सेरो रिको, तांबूस, शंकूच्या आकाराचा डोंगर. १५४५ मध्ये इथे चांदी लागली आणि साठ-सत्तर वर्षांत या उजाड माळावर दीड लाखाच्या आसपास वस्ती झाली.

ती कशी, हे डोंगराकडे पाहून कळत नाही. त्यासाठी शहराबाहेरच्या कारी-कारीच्या रांगेत जावं लागतं. आरंभी खनिजाचा कस इतका उत्तम होता, की स्थानिक लोक उतारावरच्या वाऱ्यावर पेटणाऱ्या ‘वायरा’ भट्ट्यांत चांदी गाळत. ते वरचं खनिज वीस-पंचवीस वर्षांत सरलं. मग १५७० नंतर व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदोच्या काळात पाऱ्याची रीत आली. खनिजाची पूड करून ती पाऱ्यात कालवायची. पारा चांदीला धरतो, मग आच देऊन तो उडवून लावायचा. पारा पेरूतल्या वांकावेलिकाच्या खाणीतून येई. पण पूड करायची तर गिरण्या हव्यात, गिरण्यांना वाहतं पाणी हवं, आणि पाऊस तर वर्षातले चार महिनेच. म्हणून डोंगरात बांध घालून तलाव केले आणि ते पाणी कालव्यांनी शहरात खेळवलं. १६२६ मध्ये यांतला एक बांध फुटला आणि गिरण्यांच्या रांगाच्या रांगा माणसांसकट वाहून गेल्या.

राबणारी माणसं आणली वेठीने. इंकांच्या काळची ‘मिता’ म्हणजे पाळीपाळीची सरकारी सेवा; तोलेदोने ती खाणीला जुंपली. दूरदूरच्या गावांतून दर सात पुरुषांमागे एकाला वर्षभरासाठी इथे यावं लागे. हा जाच १८१२ पर्यंत कायद्याने चालू होता.

शहरातली ‘कासा दे ला मोनेदा’, म्हणजे टांकसाळ, निवांत पाहावी. अठराव्या शतकातली ही प्रचंड वास्तू. वरच्या मजल्यावर चांदीचे पत्रे लाटणारी अजस्र लाकडी यंत्रं आणि त्यांच्या खाली, ती फिरवणाऱ्या खेचरांची जागा. इथल्या नाण्यांतली चांदी युरोपातून आणि मनिलामार्गे आशियात पसरली, सुरतेच्या बंदरातही उतरली. मुघल मुलखात परकी नाणी चालत नसत. ती टांकसाळीत वितळवून त्यांचे रुपये पाडत. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सुरत लुटली, त्या रुप्यात पोतोसीचं काहीच नव्हतं असं मानणं मला तरी जड जातं.

आता खाण. सहकारी संस्थांचे कामगार आजही जस्त, शिसं, कथील, थोडी चांदी काढतात. साडेचारशेहून अधिक वर्षांच्या खोदकामाने डोंगराचा माथा खचतो आहे. १९८७ पासून जागतिक वारसा असलेलं हे ठिकाण २०१४ मध्ये युनेस्कोने धोक्यातल्या यादीत टाकलं. बोगद्यात ‘एल तिओ’ची शिंगं असलेली मूर्ती बसलेली असते. जमिनीखालचा हा धनी. कामगार त्याला कोका, दारू आणि पेटती सिगारेट वाहतात.

पर्यटकाने आत जावं का? जिथे लोक छातीत धूळ भरून घेत राबतात, तिथे कॅमेरा घेऊन फिरणं मला रुचत नाही. पण वाटाडे बहुधा जुने खाणकामगार असतात आणि ही मिळकत त्यांना हवी असते, हेही खरं. जायचंच तर अशाच वाटाड्याबरोबर जा. खाणकामगारांच्या बाजारातून कोकाची पानं आणि थंड पेय घ्या. बोगद्यात वाकून, धुळीतून चालावं लागतं. दमा असेल किंवा कोंडल्यासारखं होत असेल तर वाट टांकसाळीची धरा.