लाल गाळ आणि चिखलातले शंख

ओहोटीला पाणी मागे सरले की तिवरांच्या मुळांशी चिखलावर बारीक रेघा दिसतात, कोणी काडी ओढत गेल्यासारख्या. रेघेच्या टोकाला काळपट, टोकदार शंख असतो आणि आत जिवंत गोगलगाय. खाडीकाठच्या आपल्या कुटुंबांना हे नवे नाही. तिसऱ्या काढायला गेलेल्या बायकापोरांच्या पायाला हेच शंख टोचतात. त्यापलीकडे त्यांची आठवण कोण ठेवतो?

कांदळवनाची साफसफाई मात्र यांच्याकडेच आहे. चिखलावरचे शेवाळ आणि कुजलेला पाला खात ही मंडळी चिखल वरखाली करतात. काही जाती चिखलातच राहतात, काही भरती आली की खोडावर चढतात, तर काहींचा मुक्काम कायमचा झाडावरच असतो. कुर्ल्या आणि पक्षी त्यांच्यावर पोट भरतात.

गोव्यात मांडवी आणि जुवारीच्या काठी हे जग लोहखनिजाच्या वाटेत आले. एक टन खनिजामागे साधारण दोन ते तीन टन माती उपसावी लागते. तिचे ढीग खाणीशेजारी पडतात आणि पावसात ओहोळांतून नदीत उतरतात. खनिज बार्जमधून मुरगाव बंदराकडे जाई, तेव्हा चढउतार करताना सांडे ते वेगळेच. २०१०-११ च्या सुमारास वर्षाला सुमारे ५ कोटी टनांची निर्यात होत होती. शास्त्रज्ञांनी मांडवीतल्या दिवाडी बेटावरचा आणि चापोरा नदीकाठच्या तुये गावचा चिखल तपासला, तेव्हा दिवाडीच्या चिखलात लोह आणि मँगनीज जास्त आढळले.

हा गाळ पिठासारखा बारीक असतो. त्याखाली शेवाळाला ऊन मिळत नाही. गोगलगाय तोंडभर चिखल खाते, पण त्यात सत्त्व उरलेले नसते. कल्ल्यांत गाळ बसतो. हवा नसलेल्या चिखलात मँगनीज पाण्यात विरघळते आणि अंगात जाते. बऱ्याच जातींची पिल्ले आधी पाण्यात तरंगतात, मग तळाला बसतात. बसायला जागाच बिघडलेली असेल तर पुढची पिढी येणार कुठून?

इथे नजर फसते. सगळे शंख एकदम मरत नाहीत. नाजूक जाती आधी जातात आणि चिवट जाती मोकळ्या जागेत वाढतात. म्हणून एकाच जातीचे शेकडो शंख पाहून खाडी ठणठणीत आहे असे समजू नये.

२०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुढे काही सुरू झाल्या, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा बंद पडल्या. ट्रक आणि बार्जवर पोट असलेल्यांची रोजी गेली, तेही दुःख खरेच. पण जुने ढीग तिथेच आहेत. पावसाला खाण बंद की चालू याच्याशी काय देणेघेणे? २०२२ च्या अखेरीस खाणपट्ट्यांचे लिलावही सुरू झाले.

आपल्याकडे सिंधुदुर्गात रेडीला लोहखनिजाची खाण आहे आणि तेरेखोलची खाडी तिथून जवळच. जिथे ओहोटीला चिखलावर लाल साय दिसते, तिथल्या तिसऱ्या, कालवे घरी आणू नयेत. उकळल्याने जंतू मरतात, धातू जात नाहीत.

मोजणी घरची मुलेही करू शकतात. बांबूच्या कामट्यांची एक मीटरची चौकट चिखलावर ठेवावी, आत किती प्रकारचे शंख आहेत ते वहीत लिहावे आणि ते तिथेच सोडावेत. पावसाळ्याआधी एकदा, पावसाळ्यानंतर एकदा, दरवर्षी त्याच जागी.