बॉयलराचे पाणीनळ व संरक्षक झडपा

वऱ्हाडांत कापूस आणि वाफ यांचें नातें जुनें आहे. १८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोहोंचली, १८७० सालीं खामगांवास फांटा मिळाला, आणि पुढें अमरावती-अकोल्याकडे जिन-प्रेसांचीं धुराडीं उभीं राहिलीं. आतां ते कारखाने विजेवर चालतात. तरी तेल काढणें, हळद शिजविणें इत्यादि कामांस वाफ लागतेच. शेतकऱ्यांच्या कंपन्या असे उद्योग काढूं लागल्या असून, जुना बॉयलर स्वस्तांत घेण्याचा मोह पुष्कळांस होतो. म्हणून मालकानें स्वतः काय पाहावें, तें येथें सांगतों.

प्रथम भय कशाचें तें समजून घ्यावें. दर चौरस सेंटिमीटरास ७ किलो दाब असतां बॉयलरांतील पाणी सुमारें १७० अंश तापलेलें असतें. पात्र फुटलें कीं दर १०० किलो पाण्यांतून सुमारें १३ किलो वाफ तत्काळ उसळते, आणि तिला २२ घनमीटर जागा लागते. कलकत्त्यास १८६३ सालीं असा स्फोट होऊन माणसें दगावलीं. त्यानंतर १८६४ सालीं बंगालांत बॉयलर-तपासणीचा कायदा झाला.

संरक्षक झडप, म्हणजेच कारखान्यांतील सेफ्टी व्हॉल्व्ह, ही बॉयलराची खरी राखणदार होय. मोठ्या बॉयलरास अशा दोन झडपा असाव्या. त्या थेट पात्रावर व उभ्या बसवाव्या. पात्र आणि झडप यांमध्यें दुसरी कोणतीहि बंद होणारी झडप असूं नये. बाहेर जाणारा नळ झडपेच्या तोंडाहून अरुंद नसावा. त्याचा भार झडपेवर न टाकतां निराळ्या आधारावर घ्यावा, तोंड माणसांपासून दूर काढावें, आणि सांचलेलें पाणी निथळण्यास खालीं भोंक ठेवावें. झडप सुटते म्हणून तिच्यावर वजन टांगणें किंवा स्प्रिंग आवळणें हा तर गुन्हाच आहे.

आतां पाण्याचे नळ. पंपाकडून येणाऱ्या नळावर, पाणी मागें न फिरूं देणारी झडप हवी; ती व पात्र यांमध्यें एक बंद करण्याची झडप ठेवावी, म्हणजे पहिली बिघडल्यास दाब न उतरवितां दुरुस्त करतां येते. गाळ सोडण्याचा नळ रहदारीच्या जागीं न सोडतां बंदिस्त खड्ड्यांत न्यावा. पाण्याची पातळी दाखविणाऱ्या कांचनळ्या दोन असाव्या, आणि त्या रोज उघडून तपासाव्या. पाणी कांचेंत दिसेनासें झाल्यास थंड पाणी मुळींच सोडूं नये. आधीं आग विझवावी.

दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा या पूर्णेकांठच्या खारपाण पट्ट्यांत ही काळजी दुप्पट हवी. तेथील विहिरींच्या पाण्यांतील क्षार पात्राच्या आंत थरांनीं बसतात, उष्णता अडवितात आणि लोखंडी पत्रा तापवून कमजोर करतात. तेच क्षार नळ व झडपांची तोंडेंहि बुजवितात. पाणी तपासून मृदु केल्याशिवाय बॉयलरांत घालूं नये. पावसाचें सांठविलेलें पाणी मिळाल्यास उत्तमच.

आम्ही सरकारी दप्तरांत उमर घालविली, म्हणून एक गोष्ट आग्रहानें सांगतों. सातबारा पाहिल्याशिवाय कोणी शहाणा जमीन घेत नाहीं. मग नोंदणीचा क्रमांक व चालू दाखला पाहिल्याशिवाय बॉयलर कां घ्यावा? १९२३ च्या कायद्याच्या जागीं २०२५ सालीं नवा बॉयलर कायदा झाला आहे. झडपेशीं खेळ करणारास दोन्ही कायद्यांनीं अपराधी ठरविलें आहे. महाराष्ट्रांत तपासणीचें काम बाष्पके संचालनालय पाहतें. नळ जोडण्याचें काम मान्यताप्राप्त कारागिराकडूनच करवावें, आणि नंतर मनास येईल तसा फेरबदल करूं नये.

झडप सुटली तर थोडें जळण वायां जातें. ती न सुटली तर पात्राजवळ उभ्या असलेल्या आगवाल्याचा प्राण जातो. तो बहुधा आपल्याच गांवचा असतो. दोहोंचा हिशेब मालकानें बॉयलर घेतेवेळींच मांडावा.