क्लोरीनऐवजी कर्दळ : बंगळुरूतील जलतरण तलावाचे तळे होईल का?

मार्च २०२४ मध्ये बंगळुरूच्या पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण मंडळाने जलतरण तलावांसाठी पिण्याचे पाणी वापरण्यास मनाई केली. आदेशाचा भंग करणाऱ्यास ५,००० रुपये दंड, आणि भंग सुरूच राहिल्यास दररोज आणखी ५०० रुपये, अशी तरतूद करण्यात आली. त्या उन्हाळ्यात शहरातील हजारो कूपनलिका कोरड्या पडल्या होत्या आणि सुमारे १०० किलोमीटरवरून उपसून आणले जाणारे कावेरीचे पाणी नव्या वस्त्यांना पुरत नव्हते. ऑक्टोबर २०२४ मध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला आणि पुरवठ्यात दररोज ७७ कोटी ५० लाख लिटरची भर पडली. मात्र, घराच्या अंगणात निळ्या फरशीचा तलाव बाळगणे कितपत शहाणपणाचे, हा प्रश्न त्यामुळे मिटलेला नाही.

या प्रश्नाचे एक उत्तर युरोपातून आले आहे. जुना तलाव बुजवायचा नाही आणि त्यात क्लोरीनही टाकायचे नाही. त्याचे पोहण्यायोग्य नैसर्गिक तळे करायचे. या पद्धतीचा पाया ऑस्ट्रियात घातला गेला आणि १९८० च्या दशकात ती तेथून जर्मनी, स्वित्झर्लंड आदी देशांत पसरली. लंडनच्या किंग्ज क्रॉस भागात २०१५ ते २०१६ या काळात असे तळे लोकांसाठी खुले होते. अमेरिकेतील मिनियापोलिस शहरातही २०१५ मध्ये सार्वजनिक तळे सुरू झाले.

पाणी स्वच्छ कसे राहते?

अशा तळ्याचे दोन भाग असतात. एका भागात पोहायचे, दुसऱ्या भागात खडी आणि पाणवनस्पती. लहानसा पंप पाणी सतत एका भागातून दुसऱ्या भागात फिरवत राहतो. पाणी वनस्पती शुद्ध करतात, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक बरेचसे काम खडीवर वाढणारे सूक्ष्म जीवाणू करतात. पाने, घाम, धूळ यांतून आलेला सेंद्रिय मळ ते विघटित करतात आणि त्यातून मोकळे झालेले नत्र व स्फुरद वनस्पतींची मुळे शोषून घेतात. शेवाळाची उपासमार करणे, हे या साऱ्या रचनेचे सूत्र आहे. स्फुरद नसेल तर शेवाळ वाढत नाही, म्हणून या तळ्यांत एका लिटरमागे मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागाहून अधिक स्फुरद असू नये, असा दंडक युरोपात पाळला जातो. वाढलेल्या वनस्पती वेळोवेळी कापून बाहेर न काढल्यास त्या कुजतात आणि शोषलेले सर्व पाण्याला परत करतात.

हे तत्त्व बंगळुरूला अपरिचित नाही. जक्कूर तलावाच्या वरच्या बाजूस असलेल्या केंद्रात प्रक्रिया झालेले सांडपाणी पाणकणसाच्या पाणथळ पट्ट्यातून जाते आणि मगच तलावात उतरते. नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने विकसित केलेली ‘फायटोरिड’ पद्धतीही खडी, मुळे आणि जीवाणू यांवरच चालते. फरक इतकाच की तेथे सांडपाणी सुधारायचे असते. येथे त्याच पाण्यात मुले उतरणार असतात.

बदल कसा करतात?

जुन्या तलावाची काँक्रीटची टाकी शक्यतो तशीच ठेवली जाते. टाकी पुरेशी मोठी असेल तर आतच, पाण्याच्या पातळीपेक्षा थोडी खाली राहील अशी आडवी भिंत बांधून एका बाजूस खडी भरतात. अंगणातील तलाव सहसा लहान असतो. तेथे शेजारी उथळ वाफा खणून त्यात जाड रबरी अस्तर घालणे सोयीचे पडते. कर्दळ, वाळा, पाणकणीस, कुमुद ही या हवेत सहज जगणारी झाडे. ती मातीत न लावता धुतलेल्या खडीत लावावी लागतात, कारण खतावलेल्या मातीतूनच स्फुरद पाण्यात उतरते.

टाकी केव्हा रिकामी करावी, हेही महत्त्वाचे आहे. भर पावसाळ्यात भूजल वर आलेले असताना तलाव रिकामा केला, तर खालच्या पाण्याच्या दाबाने टाकी उचलली जाऊ शकते, तिला तडे जाऊ शकतात. त्यामुळे बांधकाम उन्हाळ्यात उरकून पावसाचे पाणी भरून घेणे श्रेयस्कर ठरते. काम रेंगाळले आणि तळाशी पाणी साचून राहिले, तर मात्र तेथे डासांची पैदास होते. सप्टेंबर २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने डेंग्यूला साथरोग घोषित करून डासोत्पत्तीची ठिकाणे राहू देणाऱ्या जागामालकांना दंडाची तरतूद केली, हे येथे लक्षात ठेवायला हवे.

डासांसाठी गप्पी किंवा गंबुशिया मासे सोडण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो येथे उपयोगाचा नाही. माशांच्या विष्ठेने पाण्यातील पोषक द्रव्ये वाढतात आणि शेवाळ खाणारे सूक्ष्म जलजीव मासे फस्त करतात. वाहते पाणी आणि चतुरांच्या अळ्या हे काम अधिक चांगले करतात.

पाण्याचा हिशेब

१० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावात ७५,००० लिटर पाणी मावते. म्हणजे १२,००० लिटरचे सहाहून अधिक टँकर. नैसर्गिक तळ्यात हे पाणी वर्षानुवर्षे बदलावे लागत नाही, वाळूची गाळणी उलट्या प्रवाहाने धुताना वाया जाणारे पाणीही वाचते. पण वनस्पतींचा भाग तेवढ्याच क्षेत्राचा धरला, तर उघडा पृष्ठभाग दुप्पट म्हणजे १०० चौरस मीटर होतो. उन्हाळ्यात दिवसाला ५ मिलिमीटर बाष्पीभवन गृहीत धरले, तर रोज ५०० लिटर, महिन्याला १५,००० लिटर पाणी उडून जाते. पाणीबचतीच्या प्रचारात हा आकडा क्वचितच आढळतो.

ही तूट भरायची कशाने? कूपनलिकेचे पाणी जड असते आणि शहरी भागात त्यात नत्राचे क्षारही आढळतात. प्रक्रिया केलेले सांडपाणी बागेला चालते, परंतु त्यातील स्फुरदामुळे तळे काही दिवसांत हिरवे होईल. राहते ते छपरावरचे पाणी. बंगळुरूत वर्षाला सरासरी ९७० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. १०० चौरस मीटरच्या गच्चीवरून, पहिल्या सरींचे धुवण सोडून दिल्यावरही, ८०,००० लिटरच्या जवळपास पाणी मिळू शकते. मोठ्या भूखंडांवर पर्जन्यजल संचय २००९ पासून बंधनकारक आहेच. मात्र पाऊस मुख्यतः मे ते ऑक्टोबरमध्ये पडतो आणि गरज मार्चमध्ये लागते. तीन कोरड्या महिन्यांसाठी ४५,००० लिटरची टाकी जमिनीखाली नसेल, तर हे तळे पुन्हा टँकरवरच अवलंबून राहील.

उष्ण पाण्यातील धोका

सर्वांत गंभीर प्रश्न आरोग्याचा आहे. क्लोरीन पाण्यात शिल्लक राहून नव्याने आलेले जंतू मारत राहते. नैसर्गिक तळ्यात असा पहारेकरी नसतो. अतिनील किरणांचा दिवा त्याच्यासमोरून जाणारे पाणी निर्जंतुक करतो, पोहणाऱ्याच्या शेजारचे नाही. म्हणूनच युरोपातील सार्वजनिक तळ्यांत रोज येणाऱ्यांची संख्या मर्यादित ठेवतात आणि जीवाणूंची नियमित तपासणी करतात.

शिवाय युरोपातील पाणी थंड असते. मेंदूज्वर घडवणारा नेग्लेरिया हा अमीबा उबदार गोड्या पाण्यात वाढतो आणि नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचतो. हा आजार दुर्मिळ आहे, पण बहुतांशी प्राणघातक ठरतो. केरळमध्ये २०२४ साली नदी-तळ्यांत आंघोळ केलेल्या मुलांचे अमीबाजन्य मेंदूज्वराने मृत्यू झाले. २०२५ मध्ये त्या राज्याने विहिरी व टाक्यांत क्लोरीन टाकण्याची मोहीम हाती घेतली. शेजारच्या राज्यात क्लोरीन घातले जात असताना बंगळुरूतील गृहस्थ ते काढून टाकण्याचा विचार करीत आहे.

समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील बंगळुरूची हवा केरळच्या किनाऱ्यापेक्षा सौम्य आहे, तथापि एप्रिलमधील उथळ वाफ्यातील पाण्याला हा दिलासा लागू पडेलच असे नाही. सावली, पुरेशी खोली, अखंड फिरते पाणी आणि तळाचा गाळ नियमित काढणे, यांनी धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. नाकाला चिमटा लावावा, सूर मारू नये आणि पाणी कोमट लागू लागले की लहान मुलांना आत सोडू नये, ही पथ्ये घरच्या तळ्यातही पाळावी लागतील. हॉटेल किंवा गृहसंकुलांच्या बाबतीत अडचण अधिक आहे, कारण जलतरण तलावांच्या पाण्यासाठीचे भारतीय मानक पाण्यात क्लोरीन आहे हे गृहीत धरूनच तयार झालेले आहे.